हिरवळ पिवळी का पडते? चिकण माती, कोकणचा पाऊस आणि वाफसा

"भाऊजी, दोनदा युरिया झाला, एकदा फवारणी झाली, तरी लॉन पिवळंच. गणपतीला पाहुणे यायचे आहेत. आता काय घालू सांगा."

मागच्या वर्षी श्रावणात गुहागर तालुक्यातल्या आमच्या एका वहिनींनी मला हे विचारलं. त्यांचा दोन खोल्यांचा होमस्टे आहे आणि घरापुढे साधारण गुंठाभर हिरवळ. मार्चमध्ये गवताच्या तयार गाद्या ट्रकमधून आणून अंथरल्या होत्या. मे महिन्यात सगळं हिरवंगार होतं. ऑगस्टमध्ये त्याच हिरवळीवर पाय टाकला की पचपच आवाज यायचा आणि पाऊल उचललं की ठशात पाणी जमायचं.

मी पहारेने एका कडेची गादी उचकटली. ती चटईसारखी सहज वर आली. पाच महिने झाले तरी मुळं खाली उतरलीच नव्हती, दोन बोटांवर थांबली होती. खाली घट्ट चॉकलेटी चिकण, तिच्यात निळसर-राखाडी रेघा आणि कुजक्या अंड्यासारखा वास. आषाढात भाताच्या खाचरात उतरलेल्या माणसाला हा वास ओळखीचा असतो. मातीतली हवा संपली, की तिथले जिवाणू हवेशिवाय जगायला लागतात, त्यांच्यामुळे हा वास सुटतो. लोखंडाचा तांबडा रंगही मग निळसर-राखाडी होतो.

वहिनींच्या गवताला खत कमी पडलेलं नव्हतं. त्याचा श्वास कोंडला होता.

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत घराघरापुढे आता लॉन दिसतं आणि दरवर्षी पावसाळ्यात हाच प्रश्न ऐकू येतो. सल्ला मिळतो तो बहुतेक व्हिडिओंमधून, आणि त्यातलं गवत, माती, हवामान सगळंच थंड मुलखातलं असतं. म्हणून आपल्या मातीपासूनच सुरुवात करू.

मातीत मोकळी जागा किती असते?

चांगल्या मातीचा अर्धाच भाग घन असतो. उरलेला अर्धा भाग म्हणजे कणांमधल्या फटी, आणि त्या फटींत काही ठिकाणी पाणी, काही ठिकाणी हवा. मुळांना दोन्ही लागतं. आपल्याकडे शेतकरी या अवस्थेला वाफसा म्हणतात: माती ओलसर आहे, पण तिच्यात हवा खेळते आहे. या लेखात लक्षात ठेवायचा शब्द हा एकच.

चिकण मातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. वाळूचा कण त्याच्या कितीतरी पट मोठा. नारळांच्या ढिगावर बादलीभर पाणी ओतलं तर ते क्षणात तळाला जातं आणि ढिगातून वाराही फिरतो. तेच पाणी तांदळाच्या पिठाच्या परातीत ओतून बघा. वर लगदा होतो आणि बराच वेळ खालचं पीठ कोरडंच राहतं. वाळू म्हणजे नारळांचा ढीग, चिकण म्हणजे पिठाची परात. गंमत अशी की एकूण पोकळी चिकण मातीत कमी नसते, उलट जास्तच असते. पण ती इतक्या बारीक फटींत वाटली गेलेली असते की एकदा शिरलेलं पाणी बाहेर पडायला तयार नसतं.

आणि फटीत पाणी भरलं की हवेची वाट बंद. प्राणवायू हवेतून जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजार पट हळू तो पाण्यातून पसरतो. म्हणजे पाण्याने गच्च भरलेल्या मातीत मुळांपर्यंत तो पोचत नाही म्हटलं तरी चालेल. श्वास कोंडलेलं मूळ अन्न उचलू शकत नाही. पानं पिवळी पडतात, आणि आपल्याला वाटतं खत कमी पडलं.

खाचर आणि खळं

मातीतली हवा काढून टाकायच्या दोन रीती कोकणी माणसाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहेत.

पहिली चिखलणी. भात लावण्याआधी आपण खाचरात पाणी बांधतो आणि नांगर किंवा पॉवर टिलर फिरवून मातीचा पार लगदा करतो. मातीचे रवाळ दाणे मोडतात, फटी बुजतात, खाली एक घट्ट थर बसतो आणि पाणी जिरायचं थांबतं. भाताला तेच हवं असतं, कारण भाताच्या खोडात हवा खाली नेणाऱ्या नळ्या असतात. लॉनच्या गवताकडे भातासारखी सोय नसते.

दुसरी रीत अंगणाची. पावसाळा सरला की खळं खणायचं, पाणी मारायचं, चोपण्याने चोपून सपाट करायचं आणि वर शेणाने सारवायचं. त्यावर मग गवताची काडी उगवत नाही, आणि उगवू नये म्हणूनच ते चोपतात.

आता लॉन कसं घालतात ते आठवा. जेसीबी जागा सपाट करतो, त्याच्या चाकांखाली जमीन दबते, म्हणजे चोपणं झालं. मग "चांगली काळसर माती" म्हणून कुठल्या तरी खाचरातली माती डंपरने येते, म्हणजे चिखलणी केलेली माती. तिच्यावर गवताची गादी. पावसात त्यावर माणसं चालतात, मुलं खेळतात, ओल्या जमिनीवर गवत कापायचं मशीन फिरतं. वर्षभरात तिथे अर्धं खाचर आणि अर्धं खळं तयार होतं.

म्हणून मी सगळ्यात आधी विचारतो, माती आणली कुठून? लोक कोकणच्या लाल मातीला दोष देतात, पण उतारावरची, न हाताळलेली जांभ्याची माती पाणी बरी सोडते. तिच्यातलं लोखंड बारीक कणांना बांधून त्यांचे रवाळ दाणे बनवतं. देशावरच्या काळ्या मातीसारखी ती फुगत नाही आणि उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगाही पडत नाहीत. काजूच्या बागेत ऐन पावसात जाऊन बघा, पाणी साचलेलं क्वचित दिसेल. तीच माती जेसीबीखाली चुरडली किंवा खाचरात पिढ्यान्‌पिढ्या मळली, की तिचा स्वभाव बदलतो. कातळावर घर असेल तर आणखी एक अडचण असते. वर वीतभर भराव आणि खाली सलग दगड. पाणी खाली जायला जागाच नसते.

एका दिवसाचा पाऊस म्हणजे एक टँकर

गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, ढोबळमानाने १०० चौरस मीटर. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर या गुंठ्यावर १०,००० लिटर पाणी पडतं. पाण्याचा मोठा टँकर येतो ना, तेवढं. जुलैत असे दिवस आपल्याकडे नवे नाहीत. वर्षाचा पाऊस ३००० मिलिमीटर धरला, तर ३ लाख लिटर, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत.

दबलेल्या चिकण मातीत तासाला दोन-चार मिलिमीटर पाणी जिरलं तरी पुष्कळ. तासाला दोन धरले, तर एका दिवसाचा पाऊस जिरायला पन्नास तास लागतील, आणि मधल्या वेळात पुन्हा पाऊस पडलेला असेल. त्यामुळे हे सगळं पाणी मातीत जिरवण्याच्या नादी लागू नये. बरंचसं पाणी वरच्या वर वाहून जाऊ द्यायचं आणि जे जिरतं त्याला खाली वाट करून द्यायची. पाऊस थांबल्यावर वाफसा जितका लवकर परत येईल तितकी हिरवळ निरोगी.

आधी दोन परीक्षा, दोन्ही फुकट

हिरवळीच्या जागेत फूटभर खोल, फूटभर रुंद खड्डा घ्या. पाण्याने भरा आणि पूर्ण उतरू द्या. मग पुन्हा भरा, काठी उभी करून खूण करा आणि तासाने बघा. पाणी एक इंचाहून कमी उतरलं असेल तर निचरा कमकुवत. दुसऱ्या दिवशीही खड्ड्यात पाणी दिसलं तर तुमचं लॉन खाचरावर आहे असंच समजा.

दुसरी परीक्षा बरणीची. पारदर्शक बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर कपड्याची पावडर. खूप हलवा आणि ओट्यावर ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाला बसते. पोयटा, म्हणजे वाळू आणि चिकण यांच्या मधला कण, बसायला दोनेक तास घेतो. चिकण दिवसभर पाण्यात तरंगत राहते. दुसऱ्या दिवशी तीन थर पट्टीने मोजा. अंदाजच असतो, पण आपण कशाशी झुंजतोय ते डोळ्यांना दिसतं.

"मग वाळू मिसळली की काम झालं?"

हा प्रश्न सगळेच विचारतात, आणि नेमका इथेच सगळ्यात जास्त पैसा वाया जातो.

शेंगदाण्याची चिक्की डोळ्यांसमोर आणा. गूळ भरपूर आणि दाणे थोडे असतील तर दाणे गुळात रुतून बसतात, पोकळी कुठेच राहत नाही, आणि चिक्की दगडासारखी होते. दाणे एकमेकांना टेकले आणि गूळ त्यांना जेमतेम चिकटवण्यापुरता असला, तरच मधे फटी राहतात. चिकण मातीत दोन-चार गोणी वाळू म्हणजे गुळात रुतलेले दाणे. माती सुटी होण्याऐवजी विटेसारखी आवळते.

दाण्याला दाणा टेकायचा तर वाळू निम्म्याहून जास्त हवी. गुंठ्याची वरची अर्धा फूट माती म्हणजे १५ घनमीटर. तिच्यात तेवढीच वाळू मिसळायची म्हटली तरी पाच ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) वर जाते. गोल्फच्या मैदानांवर वाळूचा जाड थर आणि खाली नळ्या टाकून हे करतात, पण ते अख्खं नवं बांधकाम असतं. आणि समुद्राची वाळू आणायचा विचार तर मनातही नको. तिच्यात मीठ असतं, शिंपल्यांचा चुरा असतो, आणि परवानगीशिवाय किनाऱ्यावरची वाळू उचलणं हा गुन्हा आहे. आपला किनारा तसाही ठिकठिकाणी खचतो आहे.

"दुकानदार म्हणतो जिप्सम टाका"

जिप्सम काम करतं, पण ठरावीक जागी. खाडीकाठच्या खारवट जमिनीत सोडियम साठलेला असतो आणि तो चिकण कणांना एकमेकांपासून फोडून ठेवतो. जिप्सममधलं कॅल्शियम त्या सोडियमला हुसकून लावतं, कण पुन्हा एकत्र येतात, आणि निचरा असेल तर पावसाच्या पाण्याबरोबर सोडियम धुऊन जातो. लाल मातीत हुसकायला सोडियमच नसतो. तिथे जिप्समने माती मोकळी होत नाही.

चुन्याचं वेगळं आहे. शतकानुशतकांच्या पावसाने आपल्या मातीतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेलं आणि लोखंड, ॲल्युमिनियम मागे राहिलं. म्हणून माती तांबडी आणि बहुधा आम्लधर्मी. अशा मातीत स्फुरद (फॉस्फरस) अडकून पडतं, टाकलं तरी गवताला मिळत नाही. चुन्याने ते काही प्रमाणात सुटतं. पण किती टाकायचा हे माती तपासल्याशिवाय ठरवू नका. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात किंवा जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत माती तपासून मिळते.

माती मोकळी होते ती अशी

पहिलं काम उताराचं, आणि ते मे महिन्यातच उरकायचं. घरापासून बाहेरच्या दिशेला ५० फुटांत एक फूट उतार पुरतो. डोळ्यांना तो जाणवतही नाही. उताराच्या तळाला चर हवा: दीड-दोन फूट खोल, आत खडी किंवा चिऱ्यांचे तुकडे, आणि पाणी जिथे जाऊन पडेल ती जागा आधी ठरलेली. छपराच्या पागोळ्या लॉनवर पडत असतील तर पन्हळ लावून ते पाणी वेगळं काढा. फक्त एवढ्याने सुधारलेल्या हिरवळी मी पाहिल्या आहेत.

दुसरं काम भोकं पाडायचं. इथे बारकावा आहे. टोकदार सळई खुपसली की माती फक्त बाजूला दाबली जाते आणि चिकण मातीत भोकाची भिंत मडक्यासारखी गुळगुळीत, घट्ट होते. माती बाहेर काढणारं भोक हवं. वहिनींसाठी आम्ही गावातल्या वेल्डरकडून हत्यार करून घेतलं: पाऊण इंची जीआय पाइपचे दोन तुकडे, खालची कड कानशीने धारदार, बाजूला लांबट खाच, वर आडवी मूठ आणि पाय द्यायला पट्टी. पायाने दाबलं की पाइप तीन इंच आत जातो, पुढच्या दाबाला आधीच्या मातीची वळकटी खाचेतून बाहेर पडते. पाच-सहा इंचांवर एक अशी भोकं पाडत जायचं. गुंठ्याला दोन माणसांचे दोन दिवस गेले.

हे काम वाफशावरच करायचं. मूठभर माती दाबून गोळा करा आणि अंगठ्याने टोचा. फुटून चुरा झाला तर वाफसा आहे. नुसता खळगा पडला तर थांबा. आपल्याकडे पाऊस ओसरल्यावरचे दिवस, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, याला सगळ्यात बरे, कारण गवत अजून जोमात असतं आणि भोकं मुळांनी भरून काढतं.

तिसरं, त्या भोकांवर चाळलेलं, पूर्ण कुजलेलं खत पसरायचं. थर अर्ध्या सेंटिमीटरचा. गुंठ्याला तीसेक घमेली लागतात. खराट्याने ते भोकांत लोटायचं. मातीचे मोडलेले दाणे पुन्हा बांधायचं काम हे खत, मुळं, बुरशीचे धागे आणि गांडुळं मिळून करतात. हिरवळीवर गांडुळांच्या मातीचे ढिगळे दिसले की काही जण औषध मारतात. कृपा करून मारू नका. ती तुमची फुकटची भोकं आहेत. शेणखत मात्र कच्चं नको. त्यातून तणाचं बी आणि हुमणी (मुळं खाणारी अळी) येते, आणि माडांचा शत्रू असलेला गेंड्या भुंगा शेणखताच्या खड्ड्यातही अंडी घालतो.

हे एका वर्षाचं काम नाही. तीन-चार ऑक्टोबर लागतात.

गवत कुठलं लावावं?

उन्हाची जागा असेल तर हरळी. म्हणजे आपली दूर्वाच. बाजारात तिच्या निवडक बारीक पानांच्या जाती मिळतात. तिला दिवसाला सहा तास तरी थेट ऊन हवं. माडाखाली, घराच्या सावलीत रुंद पानाचं कार्पेट ग्रास टिकतं आणि त्याला ओलही सोसते. व्हिडिओंतली राय, फेस्क्यू, ब्लूग्रास ही थंडीची गवतं आहेत; इथे त्यांचा मेळ नाही. गाद्यांपेक्षा मी कांड्या लावायला सांगतो. पाऊस धरल्यावर, पण मुसळधार सुरू होण्याआधी, तीन-चार इंचांवर एक कांडी. गादीबरोबर दुसरी माती येते आणि दोन मातींच्या सांध्यावर मुळं अडखळतात. कांडीचं मूळ पहिल्या दिवसापासून तुमच्याच मातीत उतरतं.

पावसाळ्यात मशीन आणि खत

जुलैत ढगांमुळे ऊन कमी मिळतं, त्यामुळे गवताला पान जास्त हवं असतं. एरवी हरळी एक-दीड इंचावर कापत असाल तर पावसात दोन इंच ठेवा. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त कापू नका. उघडीप मिळाली, पानं सुकली आणि जमीन पायाखाली दबत नसली, तरच मशीन बाहेर काढा. आठ दिवस उशीर झाला तर गवत वाढेल एवढंच, ओल्या जमिनीवर मशीन फिरवलंत तर वर्षाची मेहनत दबेल. शेवाळ दिसलं तर ते खरवडून उपयोग नाही. तिथे पाणी साचतं किंवा सावली आहे, ते बघा.

खताबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. मुसळधार पावसात टाकलेला युरिया गवताला थोडाच मिळतो, बाकीचा पाण्याबरोबर जातो. जांभा सच्छिद्र दगड आहे. लॉनवर जे पडतं ते जांभ्यातून झिरपत विहिरीत उतरतं, आणि कोकणात विहीर बहुधा परसातच असते. युरियाचं मातीत नायट्रेट होतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, ती मुख्यतः तान्ह्या मुलांच्या जिवासाठी. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये रासायनिक खत नकोच. पिवळेपणा हवेअभावी असेल तर त्याचा उपयोगही नाही.

उन्हाळ्यात हिरवं ठेवायचं का?

एप्रिल-मेमध्ये हिरवळीला दिवसाला साधारण ५ मिलिमीटर पाणी लागतं. म्हणजे गुंठ्याला ५०० लिटर, रोज. जलजीवन मिशनमध्ये माणशी दिवसाला ५५ लिटर धरलेत. त्या हिशेबाने नऊ माणसांचं पाणी एका गुंठ्याच्या गवतावर जातं, आणि तेही नेमकं वाडीतल्या विहिरी तळाला गेलेल्या असताना.

माझं मत स्पष्ट आहे, हरळी सुकू द्यावी. ती मरत नाही. तिची जमिनीखालची खोडं जिवंत राहतात आणि पहिल्या दोन-तीन पावसांत फुटतात. उन्हाळ्यात करपलेला सडा, म्हणजे कातळाचं पठार, जूनमध्ये आठवड्याभरात कसा हिरवा होतो ते आपण दरवर्षी बघतोच. पाहुण्यांना मे महिन्यात हिरवं दाखवायचंच असेल तर दारासमोर खाटेएवढा तुकडा सावलीत ठेवा आणि त्याला भांड्यांचं पहिलं खरकटं पाणी सोडून नंतरचं, साबण नसलेलं पाणी घाला.

वहिनींच्या हिरवळीचं काय झालं

मागच्या ऑक्टोबरात आम्ही गाद्या काढल्या, खालची जमीन कुदळीने फोडली, उतार काढला, चर खणला आणि मग हरळी लावली. भोकं आणि खत झालं ते त्यानंतर, हरळीने जमीन धरल्यावर. यंदा ऑगस्टमध्ये मी पुन्हा पहार घातली. मुळं वीतभर खाली गेली होती. माती मुठीत दाबली तर फुटली. जागोजागी थोडा पिवळेपणा आहे, तो अजून दोन वर्षं तरी राहील.

फाटकाजवळचा खालचा कोपरा मात्र ऐकला नाही. तिथे शेजारच्या खाचराचं पाणी आतून झिरपतं आणि ते थांबवणं आमच्या हातात नाही. तो कोपरा हिरवळीतून सोडून दिला आणि तिथे कर्दळ आणि सोनटक्का लावला. गेल्या वर्षी कुजक्या अंड्याचा वास यायचा त्या जागी परवा संध्याकाळी वहिनी फुलं काढत होत्या.